कितवी आजी?

‘आजी वारली’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कितवी?’ शाळेत सर विचारायचे, कॉलेजात ऑफिसातले क्लार्क विचारायचे, नोकरीत तर सगळेच विचारतात. विनोद इतका झिजलाय की करणाऱ्याला आपण विनोद केला हेही कळत नाही. मीही केलाय.

२०१२ सालची गोष्ट. ऐरोलीतल्या एका कंपनीत होते. आमच्या टीममध्ये कळव्याचा एक मुलगा होता, २३-२४ वर्षांचा, नुकताच कायम झालेला. सोमवारी सकाळच्या मीटिंगला तो फोनवरूनच म्हणाला, आजी गेली, गावाला निघालोय, तीन दिवस लागतील. टीम लीडने विचारलं, “कितवी रे? गणपतीत गेली ती कोण मग?” आम्ही सगळे हसलो. फोनवर तोही हसला. न हसून करतो काय? नोकरी नवीन असताना लीडचा विनोद कुणी पाडत नाही.

त्याच्या किरकोळ रजा संपल्या होत्या. कंपनीच्या पोर्टलवर कुटुंबातल्या मृत्यूसाठी वेगळी रजा होती खरी, पण नातं निवडायच्या यादीत आई, वडील, नवरा-बायको आणि मूल, एवढीच माणसं. त्याने आजारपणाची रजा टाकली. कारण: ताप. गुरुवारी परत आला तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली केस नव्हते. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे आजीला अग्नी त्यानेच दिलेला. ज्याने दहा दिवस सुतकात बसायचं तो कर्ता चौथ्या दिवशी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोलीत हजर होता. ताप आलेल्या माणसाचं मुंडण कसं झालं, हे एचआरने विचारलं नाही. आम्हीही नाही. खरं कारण खोटं वाटत होतं म्हणून त्याने खोटं दिलं आणि ते विनातक्रार मंजूर झालं.

थाप मारायला आजीच का लागते, याचा मी नंतर बराच विचार केला. आईचं नाव कुणी घेत नाही. जीभच वळत नाही, अभद्र वाटतं. मावशी किंवा चुलता म्हटलं तर साहेब म्हणणार, त्यात तुझं काय काम? आजी बरोबर मधोमध बसते. रजा मागता येईल इतकी जवळची, थापेत मारता येईल इतकी लांबची. शिवाय प्रत्येकाला दोन असतात, त्यामुळे हिशेब तपासणंही अवघड. विनोद म्हणून हे ठीक आहे. पण आजीची ही मधोमधची जागा आपण सगळीकडे खरीच धरून चाललो आहोत. कंपनीच्या नियमांत, शाळेच्या हजेरीपत्रकात, शेजाऱ्यांच्या सांत्वनात, आणि घरातल्या घरातसुद्धा. माझं म्हणणं एवढंच की निदान ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांत तरी ती जागा साफ चुकीची आहे.

ही शहरं वसली कशी ते आठवून पाहा. गिरगाव-दादरच्या खोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून लोक ठाण्याकडे सरकले, १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळची कितीतरी घरं उठून इकडे आली. खाडीपलीकडे नवं शहर वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे वाशी, नेरुळ, कोपरखैरणे भरत गेली. घर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यावर वीस वर्षांचं कर्ज, म्हणजे दोन पगार हवेत. दोन पगार म्हणजे आईसुद्धा सकाळी आठच्या आत प्लॅटफॉर्मवर. मग पोराला कोण बघणार? पाळणाघरं होती, पण विश्वास नव्हता किंवा पैसे नव्हते. तेव्हा कोकणातून, साताऱ्यातून, खानदेशातून आज्या बोलावल्या गेल्या. आपण गावाहून शहरात आलेल्या गिरणी कामगारांवर, माथाड्यांवर भरभरून लिहिलं. नातवंडं सांभाळायला आलेली आजीसुद्धा स्थलांतरित कामगारच होती. फक्त तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती आणि युनियन तर नव्हतीच.

माझी आजी १९८९ साली संगमेश्वराकडून ठाण्यात, नौपाड्यात आली. सहा महिन्यांसाठी. आईची बँकेतली बाळंतपणाची रजा संपत होती, मी तीन महिन्यांची होते. ती आली आणि सत्तावीस वर्षं राहिली. गावचं घर बंद पडलं, परसातला फणस शेजाऱ्यांनी खाल्ला, तिच्या मैत्रिणी एकेक करून तिच्या माघारी गेल्या. संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहायची. आमच्याकडे रुळांचा आवाज यायचा आणि घड्याळ न बघता तिला कळायचं, गाड्या उशिरा आहेत. मग कुकर उशिरा चढायचा. आईचा डबा, माझी शाळा, बाबांचा सेकंड शिफ्टचा चहा, सगळं त्या आवाजावर चालायचं. तिच्या गोळ्यांच्या पट्ट्या ती कात्रीने एकेक गोळी सुटी करून कापायची आणि फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत भरून ठेवायची, एक डबी सकाळची, एक रात्रीची. ती गेल्यावर गादीखाली घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, मोजल्या नाहीत, पण शंभराच्या वर असतील.

अशा बाईच्या जिवावर आई कामावर गेली, बाबा गेले, पुढे मीही गेले. आणि ती मेली तेव्हा, जिथे आम्ही सगळे तिच्यामुळे वेळेवर पोचत होतो, तिथल्या यादीत तिचं नातंच नव्हतं. मी अर्जित रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वैयक्तिक.

कायदा काय सांगतो ते एकदा बघून घेऊ. महाराष्ट्रातली दुकानं, ऑफिसं, आयटी कंपन्या ज्या कायद्याखाली येतात, त्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा आहे. शोकासाठी म्हणून वेगळी रजा नाही, ना आजीसाठी, ना आईसाठी. कंपनी जे देईल ती तिची मर्जी. बाळंतपणाला २६ आठवडे मिळतात, आणि मिळायलाच हवेत. म्हणजे माणूस घरात येतो तेव्हा कायदा दारात उभा असतो, माणूस जातो तेव्हा मात्र तो कुठेच दिसत नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक मृत्यूमागे २ दिवस आणि न्यूझीलंडमध्ये ३ दिवस अशी रजा कायद्यात आहे, आणि दोन्हीकडे जवळच्या कुटुंबाच्या व्याख्येत आजी-आजोबा नाव घेऊन लिहिलेले आहेत. ‘तिकडे काय, नातीच उरली नाहीत’ असं आपण ज्यांच्याबद्दल लग्नाच्या पंगतीत बोलतो, त्यांनी आजीला कायद्यात बसवलं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या आपल्याला ते सुचलं नाही.

पण सगळा दोष कायद्यावर टाकून मोकळं होता येत नाही. घरात काय होतं ते जास्त गुंतागुंतीचं आहे.

आजी गेली तेव्हा आमच्या त्या दोन खोल्यांत तीन वेगवेगळी मरणं झाली. बाबांची आई गेली. माझी आजी गेली. आणि आईची सासू गेली. ही तिसरी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. सत्तावीस वर्षं एका ओट्यावर दोन बायका वावरल्या होत्या. मिठावरून, माहेरी जाण्यावरून, माझे केस कुणी विंचरायचे यावरून त्यांची भांडणं मी ऐकली होती. शेवटची दोन वर्षं आजी अंथरुणात होती आणि तिचं सगळं, अगदी सगळं, आईने केलं होतं. बाबांनी नाही, मी नाही. म्हणून आई जेव्हा ‘सुटली’ म्हणाली, तेव्हा त्या शब्दात आजीबरोबर तीही होती, आणि तो शब्द म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. मला तो ऐकवत नव्हता. आईसमोर रडणं म्हणजे तिच्यावर आरोप केल्यासारखं, बाबांसमोर रडलं तर ते कोसळणार. मी बाथरूममध्ये बादलीचा नळ सोडून रडायचे. हे मी अनेक नातवंडांकडून ऐकलंय, जागा फक्त बदलते: जिना, गच्ची, लोकलचा दरवाजा. नातवंडाचं दुःख घरातल्या मोठ्यांच्या दुःखाच्या रांगेत शेवटी उभं असतं, आणि रांग त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तेरावा होऊन मांडव उतरलेला असतो.

रांगेत उभं असताना त्याला कामंही असतात. तेरा दिवसांत घरातला तरुण नातू किंवा नात म्हणजे बिनपगारी कारकून. नातेवाइकांना स्टेशनवरून आणा, खुर्च्या सांगा, चहाचं दूध आणा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, तो फॉर्म कोण भरणार? ज्याला कॉम्प्युटर येतो तो. आधार, पेन्शन, बँकेतलं खातं, वीजबिलावरचं नाव, सगळीकडे ‘मयत’ हा शब्द टाइप करणारं बोट बहुधा नातवंडाचं असतं. तेराव्याला येणारा माणूस बाबांच्या खांद्यावर हात ठेवतो, आईला विचारतो, आणि मला म्हणतो, “तू सांभाळ हो यांना.”

फोटो करायचं कामही माझ्याकडेच आलं. आजीचा एकटीचा नीट फोटो नव्हता. मावसभावाच्या लग्नातला एक होता, बऱ्यापैकी हसरा, शेजारी मी, तिच्या खांद्यावर हात टाकून. राम मारुती रोडवरच्या एका स्टुडिओत पेन ड्राइव्ह घेऊन गेले. मुलाने फोटो मोठा केला, मला बाजूला कापलं आणि विचारलं, “हा हात काढून टाकू ना?” मी म्हटलं, हो. त्याने शेजारचा पदराचा रंग उचलून हळूहळू माझ्या बोटांवर पसरवला. पंधरा मिनिटांत हात गेला. फोटो अजून हॉलमध्ये आहे. नीट बघितलं तर डाव्या खांद्यावर पदराची नक्षी जरा विस्कटलेली दिसते.

लोक काय बोलतात तेही बघा. म्हातारं माणूस गेलं की आपल्याकडे वाक्यं तयार असतात. ‘सोनं झालं.’ ‘भरल्या घरातून गेली.’ ‘पिकलं पान.’ ‘नातीचं लग्न बघितलं, आणखी काय हवं?’ पणतवंड पाहिलेलं माणूस असेल तर सोन्याचं फूल वाहतात, काही घरांत टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. यात चूक काही नाही. ९० वर्षांच्या माणसाचं जाणं आणि तरण्याताठ्या माणसाचं जाणं यात फरक आहे, तो भाषेने करायलाच हवा. पण ही वाक्यं गेलेल्या माणसाबद्दल आहेत. त्याचं आयुष्य पूर्ण झालं हे खरं. माझ्या आयुष्यातला तो कोपरा रिकामा झाला हेही तितकंच खरं. पान पिकलं होतं हे झाडाला सांगून उपयोग काय? आजीच्या मायेसाठी आपल्याकडे शब्द आहे, दुधावरची साय. सायीने दुधासाठी काय करायचं, यावर मराठी गप्प आहे.

परंपरेला मात्र मी सरसकट मोडीत काढणार नाही. तिनेही नात्यांची प्रतवारी लावलेली आहे, आणि ती कंपनीच्या पोर्टलइतकीच रुक्ष आहे: बापाच्या बाजूच्या आजी-आजोबांचं सुतक दहा दिवस, आईच्या आईवडिलांचं फार तर तीन. लग्न झालेल्या मुलीला तर जन्मदात्या आईवडिलांचंही तीनच दिवस. ज्या आजीने वाढवलं ती आईची आई असेल, आणि शहरात ती बऱ्याचदा असतेच, तर पंचांग सांगतं की तुझं काम चौथ्या दिवशी सुरू. तरीही त्याच परंपरेत एक दिवस असा आहे जो आपण विसरत चाललोय. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, आजेपाडवा असतो. मुलीच्या मुलाने आईच्या वडिलांचं श्राद्ध करायचा दिवस. नातवाने आजोबांची आठवण काढायची, तीही आजोळच्या, असा खास दिवस पंचांगात आहे! त्यात मुलगाच का, मुलगी का नाही, आजोबाच का, आजी का नाही, हे प्रश्न आहेतच. पण नातवंडाच्या शोकाला कधीतरी कुणीतरी तिथी नेमून दिली होती. ठाण्यात त्या दिवशी टेंभी नाक्यावर देवीच्या आगमनाची धामधूम असते, आणि आजेपाडवा म्हणजे काय हे मला पंचविशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक जागा आहे. आजीचा दहावा नाशिकला केला, रामकुंडावर. पिंड ठेवला. कावळे होते, पण शिवेनात. बाबांनी हात जोडून सांगितलं, गावचं घर मोडू देणार नाही. काका म्हणाले, देवाचं वार्षिक चुकवणार नाही. कावळे जागचे हलेनात. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले तेव्हा आत्या म्हणाली, “हिला पुढे करा. हिच्यात जीव होता तिचा.” मी पुढे गेले. काय बोलायचं सुचेना. शेवटी म्हटलं, आजी, गॅस बंद केलाय आणि दाराला कडी लावलीय. रोज रात्री झोपताना ती तेवढंच विचारायची. कावळा शिवला. मी असल्या गोष्टी मानत नाही, आणि दोन मिनिटांत तो तसाही आला असता. पण तेरा दिवसांत मला पुढे ये म्हणून कुणी बोलावलं ते फक्त तेव्हा.

मानसशास्त्राला याचं वावडं नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, आणि मान्यता नसल्यामुळे जे मोकळं करायला जागा मिळत नाही. आपण मात्र अजून मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या पाच टप्प्यांत अडकलोय. नकार, राग, वाटाघाट, नैराश्य, स्वीकार, जणू एकेक स्टेशन मागे टाकत शोकाची लोकल शेवटी कर्जतला पोचणारच. १९६९ मधली ती मांडणी मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी होती, मागे राहणाऱ्यांविषयी नव्हे. त्यापेक्षा मला पटतं ते श्ट्रोबे आणि स्खुट या अभ्यासकांच्या जोडीने १९९९ मध्ये सांगितलेलं: शोक करणारा माणूस झोक्यावर असतो, एकदा गेलेल्याकडे जातो, एकदा रोजच्या कामाकडे येतो, आणि हे येणं-जाणं म्हणजेच सावरणं. म्हणून तिसऱ्या दिवशी मित्रांबरोबर हसणारी नात निर्दय नसते, आणि सात महिन्यांनी बाजारात फणसाचे गरे बघून रडणारी नात आजारी नसते.

काहींना मात्र खरंच मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेला शोक वेगळा नोंदलेला आहे: सहा महिने उलटून गेले तरी जो दिवसाचं काहीच करू देत नाही, असा. तेव्हा जायचं कुठे? ठाण्यात याला एक गमतीदार अडथळा आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ चं, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा महाराष्ट्राचा लाडका विनोद. गावातच राहणाऱ्या माणसाला त्याच गावात मनाच्या डॉक्टरकडे जायला त्यामुळे दुप्पट लाज वाटते. पण डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली तीही याच ठाण्यात. आणि घराबाहेर पडायचं नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मराठीतही बोलतो. जवाहरबाग स्मशानभूमीत जी पावती मिळते तिच्या मागे हा नंबर छापायला महापालिकेला किती खर्च येईल?

लहान मुलांबद्दल थोडक्यात. बहुतेकांच्या आयुष्यातलं पहिलं मरण आजी-आजोबांचं असतं, आणि तेव्हा आपण मुलांना शेजारी नेऊन ठेवतो. आमच्या मजल्यावर चार वर्षांच्या पोराला सांगितलं होतं, आजी गावाला गेली. तो रोज दार वाजलं की धावायचा. मग एक दिवस त्याने विचारलं, “मला का नाही नेलं?” त्याच्या लेखी आजी मेली नव्हती, त्याला सोडून गेली होती. ‘झोपली’ सांगितलेली मुलं झोपायला घाबरतात. मेली म्हणावं, शरीर बंद पडलं म्हणावं, परत येणार नाही म्हणावं. चार वर्षांच्या मुलाला ते एकदा सांगून कळत नाही, पुन्हा सांगावं.

थोड्या मोठ्यांची वेगळी तऱ्हा. दरवर्षी दहावी-बारावीच्या दिवसांत एक बातमी असते: घरात पार्थिव, तरी मुलीने दिला पेपर. तिच्या जिद्दीला सलाम वगैरे. मला ती वाचून त्या मुलीपेक्षा आपल्या सगळ्यांची लाज वाटते. तिला दुसरा रस्ताच नव्हता. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, पण तिच्यावर नापासांचा शिक्का. घरातलं माणूस गेलेल्या मुलांना तीच परीक्षा पहिली म्हणून देऊ द्या, गुणपत्रिकेत खूण न ठेवता. मंडळाला हे अवघड नाही.

आता आक्षेप. पहिला अर्थातच, लोक गैरफायदा घेतील, वर्षाला पाच आज्या मारतील. आजही मारतातच की. आज मारतात कारण मुलाच्या शाळेसाठी, बायकोच्या सोनोग्राफीसाठी किंवा नुसतं थकलो म्हणून सुट्टी मागायची सोय नाही. खोट्या आज्या नियमांनीच जन्माला घातल्या, आणि त्यांचा दंड खऱ्या आजीला भरावा लागतोय. मृत्यूचा दाखला महिनाभरात आणून द्या म्हणा, प्रश्न मिटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजीला घेतलंत, मग मावशी का नको? वाढवणारी शेजारीण का नको? जिवलग मित्र? मला याचं उत्तर बराच काळ देता येत नव्हतं. आता वाटतं, यादी लांबवत बसण्यात अर्थ नाही, ती कधीच पुरी होणार नाही. दिवस मोजा, नाती मोजू नका. वर्षाला तीन दिवस शोकरजा, भरपगारी, कुणाच्याही मृत्यूसाठी. जवळचं कोण ते ज्याचं त्याला ठरवू द्या. दुकाने-आस्थापना कायदा राज्याचा आहे, दुरुस्ती विधिमंडळात होऊ शकते, दिल्लीची वाट बघायला नको. आणि हो, सगळ्याच आज्या मायेच्या नसतात. सुनेला छळणाऱ्या, नातीला ताटातलं कमी वाढणाऱ्याही असतात. ज्याला रडू येत नाही त्याने त्या तीन दिवसांत झोप काढावी, माझी हरकत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपात येत नाही, कारण ती कुणाच्या लक्षातच नाही. ही रजा ज्यांना लागू होणारच नाही त्यांचं काय? आमच्या सोसायटीचा वॉचमन गोरखपूरकडचा. त्याची दादी गेली तेव्हा गाडीने पोचायला सव्वा-दीड दिवस लागणार होता आणि प्रेत तितकं थांबत नाही. त्याने गेटवरच्या केबिनमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर चिता पेटताना पाहिली आणि मधूनमधून उठून गाड्यांना फाटक उघडून दिलं. मी त्या दिवशी दोनदा आत-बाहेर केलं. त्याने दोन्ही वेळा सलाम केला.

ऐरोली सोडून मला आता बरीच वर्षं झाली. सध्याच्या ऑफिसात आठ जणांची टीम आहे, रजा मीच मंजूर करते. गेल्या महिन्यात एका मुलाचा मेसेज आला, “मॅम, आजी एक्स्पायर झाली. साताऱ्याला निघतोय.” आमच्याही पोर्टलवर आजी नाही. मी ‘इतर’मध्ये टाकायला सांगितलं, मंजूर केली, आणि फोन करून विचारलं, “नाव काय होतं आजीचं?”

तो जरा गोंधळला. बहुधा चौकशी समजला असावा. मग म्हणाला, “आम्ही आयेच म्हणायचो. आधारवर लक्ष्मीबाई आहे. पण ते सासरचं.”

“आणि माहेरचं?”

मागून रडण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. म्हणाला, विचारून सांगतो. रात्री साडेअकराला मेसेज आला. एकच शब्द: “चिमा.”